यानुशरावांचं टेबल आणि गच्चीवरचा मेंढा

कुवेतची धूळ आणि यानुशरावांचे किस्से, दोन्ही सारखेच. दारंखिडक्या लावून घ्या, फटीत ओलं फडकं कोंबा, सकाळी उठावं तर थर बसलेला असतोच! आता कुवेत सुटून इतकी वर्षं झाली, तरी चार माणसं जमली आणि चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "आजी, तो मेंढ्याचा सांगा ना!" पण मेंढ्याचा सांगायचा तर आधी टेबलाचा सांगावा लागतो. आणि टेबलाचा सांगायचा तर मिक्सरचा.

तर मिक्सरपासून घेऊ.

आम्ही अब्बासियात राहत होतो. माझी मुलगी सुलभा दवाखान्यात नर्स. जावई मधुकरराव युनिव्हर्सिटीत, गणिताच्या डिपार्टमेंटला टायपिस्ट. पिंकीच्या वेळी मी बाळंतपणाला म्हणून गुहागरहून गेले ती तिथलीच झाले. बिल्डिंगच्या खाली हसनभाईंचा बकाला. बकाला म्हणजे किराणा दुकान. हसनभाई आमच्या दाभोळचे, त्यामुळे आमसुलापासून सुक्या बोंबलापर्यंत सगळं मिळायचं. आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये यानुशराव.

यानुशराव पोलंडचे. मोठे गणिती. किती मोठे ते मला विचारू नका, मी शाळेची पायरी चढलेली नाही. मधुकरराव सांगायचे, "आई, ह्यांचं नाव काढलं की मोठमोठी माणसं खुर्चीत सरळ बसतात." आमच्या स्वयंपाकघरात मात्र ते मटार सोलत बसलेले असायचे. आणि कोण काय बोललं ते मला खुशाल विचारा. ते माझं सगळं पाठ आहे.

*

युनिव्हर्सिटीनं त्यांना शुवैखला झकास क्वार्टर दिलं होतं. झाडं, एसी, कुणाचा आवाज नाही. तिथं त्यांना गणितच सुचेना! त्यांचे गुरू आणि गुरूंचे गुरू म्हणे कॉफीच्या हॉटेलात बसून गणितं करायचे. कपबश्यांचा खडखडाट, सिगरेटचा धूर, शेजारच्या टेबलावर भांडण. त्यात ह्यांचं डोकं चाले. शांततेत ते बंद पडायचं.

मग निघाली स्वारी फ्लॅट शोधायला. आमच्या बिल्डिंगचा हारीस, म्हणजे राखणदार, इजिप्तचा होता. यानुशरावांनी त्याला विचारलं, "इथे आवाज होतो का?"

हारीसनं छातीवर हात ठेवून शपथ घेतली, "मुळीच नाही साहेब! माशी उडाली तरी ऐकू येईल!"

यानुशराव "शुक्रन" म्हणून चालू लागले!

ते जिन्यात असतानाच मी वाटण लावलं. आमचा तो जुना मिक्सर लावला की पिंकी पलंगाखाली जाऊन बसायची. त्यात खाली हसनभाई मालाच्या गाडीवाल्यावर ओरडत होते, वर कुणीतरी खिळे ठोकत होतं. यानुशराव अर्ध्या जिन्यातून परत फिरले आणि आमचं दार वाजवलं.

सुलभानं दार उघडता उघडताच माफी मागितली, "सॉरी सर, दोनच मिनिटं..."

"हे रोज चालतं?"

"छे छे, रोज नाही."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "रोज नाही?"

मला वाटलं हा तक्रार करायला आलाय. मी आतून ओरडले, "रोज चालतं म्हणून सांग! दोन्ही वेळा! काय करायचंय ते करा म्हणावं!"

सुलभानं ते इंग्रजीत सांगितलं. संध्याकाळी सामान घेऊन हजर! हारीस तर शेवटपर्यंत सांगत होता की त्यानं शांततेची शपथ घेतली म्हणून हे गिऱ्हाईक टिकलं.

पुढे तो मिक्सर जळला. दुसऱ्या दिवशी यानुशराव कोरा करकरीत मिक्सर घेऊन दारात उभे. सुलभा संकोचली, "सर, कशाला एवढा खर्च?"

"कालपासून मला काहीच सुचलं नाही," ते म्हणाले. "दुकानदार सांगत होता, ह्याचा आवाज अजिबात येत नाही. मी म्हटलं, मग दुसरा दाखव."

*

आता टेबल. आमच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या सनमायकाचं टेबल होतं. यानुशराव त्यावर पेन्सिलीनं गणित करायचे. कागदावर नाही हो, टेबलावरच! आधी एका कोपऱ्यात, मग मधे, मग सगळीकडे. पुसायचं म्हटलं की तोंड असं करायचे, जणू मी त्यांचं घर पाडायला निघालेय. म्हणून आम्ही सगळे खाली पाट मांडून जेवायला लागलो. आणि यानुशरावही आमच्याबरोबर खालीच मांडी घालून बसायचे. टेबलावर जेवायचं धाडस त्यांनाही नव्हतं!

मराठी ते ह्याच पाटावर शिकले, माझ्याकडून. त्यामुळे बोलायचे माझ्यासारखं. "आजी, मी आज फक्त भात जेवते." एवढा उंच, दाढीवाला माणूस! कुणी सुधारलं नाही. मला तर त्यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं.

गणपतीला घरी पाहुणे आले. टेबल मोकळं आणि सगळी माणसं जमिनीवर. एक बाई म्हणाल्या, "डायनिंग टेबल एवढं छान आहे, मग खाली का?"

मधुकरराव म्हणाले, "आमच्याकडे पद्धत आहे."

पिंकी मधेच म्हणाली, "नो, इट्स फुल!"

पण खरी गंमत झाली ती कढीच्या दिवशी. माझ्या हातात कढीचं पातेलं, चांगलं रटरटलेलं. हात भाजायला लागला म्हणून टेबलाच्या कडेला टेकवायला गेले, तर यानुशराव पाटावरून उडी मारून आले.

"आजी, नको! तिथे अनंत आहे!"

मी म्हटलं, "असू दे की! त्याला काय भाजतंय?"

यानुशराव विचारात पडले. मग पातेलं माझ्या हातातून घेऊन स्वतःच तिथं ठेवलं आणि म्हणाले, "खरं आहे. त्याला काही होत नाही."

*

त्यांची गाडी म्हणजे आगबोट होती. एकदा मधुकररावांना युनिव्हर्सिटीतून घरी सोडायला निघाले. वाटेत दवार लागला, म्हणजे तो मोठा गोल चौक. त्या चौकात शिरले आणि यानुशरावांना काहीतरी सुचलं. झालं! गाडी गोल गोल. बाहेर पडायचा रस्ता आला, गेला. परत आला, परत गेला. मधुकररावांनी आधी घड्याळ बघितलं. मग खोकले. मग डब्यात उरलेली पोळी काढून खाल्ली.

चौकातला पोलीस बघत होता. शेवटी त्यानं स्वतःची गाडी काढली आणि ह्यांच्या मागे लागला. आता दोन गाड्या गोल गोल! यानुशरावांनी आरशात पाहिलं आणि मधुकररावांना म्हणाले, "बघ, त्याचंही काहीतरी अडलंय."

शेवटी पोलिसानं गाडी आडवी घातली. खिडकीत वाकून विचारलं, "वेन रायेह?" म्हणजे कुठे चाललात?

यानुशराव अगदी मनापासून म्हणाले, "अजून ठरलं नाही. तुमचं?"

*

हसताय, हसा. पण हा माणूस एकटा होता, हे लक्षात ठेवा.

त्यांची बायको हान्नाबाई तिकडे पोलंडात. ती पण गणिती. हिला पासपोर्ट मिळत नव्हता. नवरा परदेशी कामाला गेला की बायकोला देशातच अडकवून ठेवायचं, म्हणजे नवरा परत येतो, असा त्यांच्याकडच्या साहेबांचा हिशेब. हिनं अर्ज करायचा, त्यांनी नाही म्हणायचं. वर्षावर वर्षं गेली. यानुशरावांनी फ्लॅटमध्ये दोन उशा ठेवल्या होत्या. एक तर कधी वापरलीच नव्हती, नुसती धूळ झटकून परत ठेवायचे.

फोन हसनभाईंच्या दुकानातून. नंबर बुक करायचा आणि तांदळाच्या पोत्यावर बसून राहायचं. लागला की मोजकी मिनिटं मिळायची. सगळी बिल्डिंग कान देऊन. पहिल्या वेळी यानुशराव बोलले, हळूहळू आवाज चढला, मग ओरडले, हवेत बोटानं काहीतरी लिहिलं, आणि फोन कट!

मी धावत गेले. "काय म्हणाल्या?"

"ती म्हणते, सातवी पायरी चुकली."

"आणि पासपोर्ट?"

यानुशरावांनी कपाळावर हात मारला. "विचारायला विसरली!"

पुढच्या वेळी मी बजावून पाठवलं, "आधी पासपोर्ट, मग पायऱ्या." आज्ञाधारक माणूस. आधी पासपोर्ट विचारला. तिकडून उत्तर आलं, नाही. ते इतकं पटकन आलं, की उरलेला सगळा वेळ पायऱ्यांसाठी मोकळा!

मी एकदा विचारलं, "दर वेळी तुमचीच पायरी कशी हो चुकते? त्यांची कधी चुकत नाही?"

"हान्नाची?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी सूर्य कधी पश्चिमेला उगवतो का म्हणून विचारलंय. "आजी, हान्नाची पायरी कधी चुकत नाही."

*

मग एका हिवाळ्यात त्यांच्या देशात लष्कर रस्त्यावर आलं आणि फोनच बंद पडले. यानुशराव रोज येऊन पोत्यावर बसायचे. नंबर बुक करता येत नाही हे माहीत असूनही बसायचे. हसनभाई त्यांच्यापुढे चहा ठेवायचे आणि गिऱ्हाइकांना हळूच सांगायचे, "तांदूळ उद्या घेवा. साहेब बसलेत."

फोन सुरू झाले तेव्हा त्यात एक तिसरा माणूस आला. सरकारी. उघड उघड ऐकत बसायचा, आणि सुरुवातीलाच तसं सांगितलं पण जायचं! नवराबायको बोलतायत आणि मधे ह्याचा श्वास. आम्हाला वाटलं, आता तरी दोघं जरा नीट बोलतील. कसलं काय! पहिल्याच मिनिटाला जुंपली. यानुशराव घामाघूम. आणि मग त्यांनी फोनमधे तिसऱ्याच कुणाला तरी हाक मारली, अगदी आदरानं काहीतरी विचारलं, आणि फोन कट.

"आता काय झालं?"

"मी त्या ऐकणाऱ्याला म्हटलं, साहेब, दोन्ही बाजू तुम्ही ऐकल्यात. तुम्हीच सांगा, कोण बरोबर?" यानुशराव खांदे उडवून म्हणाले, "त्यानं फोन ठेवून दिला!"

पत्रांचं तर विचारूच नका. ह्यांच्या पत्रात सगळी चिन्हं. वेडीवाकडी, उलटी, कुठे काय कुठे काय. तिकडच्यांना वाटलं ही गुप्त भाषा आहे. पत्रं परत यायला लागली. शेवटी एका पत्रात यानुशरावांनी खाली त्या तपासणाऱ्यांनाच दोन ओळी लिहिल्या. यानुशरावांना अर्थ विचारून मधुकररावांनी त्या आम्हाला सांगितल्या होत्या:

"महाशय, ह्या पत्राचा अर्थ तुम्हाला लागला तर कृपया मला कळवा. मी इतकी वर्षं प्रयत्न करतोय, मला अजून लागलेला नाही."

त्यानंतर मात्र एकही चिन्ह पलीकडे गेलं नाही. फोनवर मावत नाही असं गणित पाठवायचं तर ते डोक्यात घालून माणसानंच न्यायचं, दुसरा रस्ता उरला नाही.

*

आता आला मेंढा.

यानुशरावांच्या घराण्यात, म्हणजे गणिताच्या घराण्यात, एक पद्धत होती. अवघड प्रश्न मांडला की त्यावर बक्षीस लावायचं. पैसे नाहीत. कुणी जेवण लावायचं, कुणी दारूची बाटली, कुणी जिवंत बदक सुद्धा! सोडवणाऱ्यानं स्वतः यायचं, समोर उत्तर सांगायचं, आणि बक्षीस मांडणाऱ्याच्या हातून घ्यायचं. उत्तरात खोट निघाली तर बक्षीस तिथल्या तिथे परत.

आमच्या टेबलावरचा प्रश्न काही केल्या सुटेना, तेव्हा यानुशरावांनी त्यावर बक्षीस लावायचं ठरवलं. कुवेतमध्ये बाटली चालत नाही. बदक हसनभाईंना मिळेना. ते म्हणाले, "साहेब, मी मेंढा आणतंय. एक नंबर!"

मी म्हटलं, "अहो, आधी प्रश्न तरी सुटू द्या. मग आणा मेंढा."

यानुशरावांना धक्काच बसला. "आणि कुणी उद्या आली तर? तिला मी काय देते?"

आणला मेंढा! गच्चीवर बांधला. जगात जिथे जिथे गणिती होते तिथे तिथे प्रश्न गेला, खाली मधुकररावांनी टाईप केलेलं: बक्षीस, एक मेंढा, जिवंत. कुणी सोडवेना. मेंढा खातोय, वाढतोय. बकरी ईद आली. हारीस सुरी घेऊन हसत हसत वर गेला.

यानुशराव दारात आडवे. "प्रश्न सुटला नाही!"

"साहेब, पण ईद आहे!"

"ईद आहे, पण उत्तर नाही."

पुढची ईद आली. मेंढा गच्चीवरच. त्याच्या पुढची आली. हारीस आता सुरी न घेताच वर जायचा, मेंढ्याला विचारायचा, "सुटला?" आणि स्वतःच मान हलवून खाली यायचा.

एकदा मात्र घात होता होता राहिला. युनिव्हर्सिटीतला एक जॉर्डनचा विद्यार्थी, हुशार पोरगा, उत्तर घेऊन आला. टेबलाजवळ उभा राहून फडाफडा सांगितलं. यानुशरावांनी ऐकलं, डोळे पुसले, मिठी मारली आणि दोरी त्याच्या हातात दिली. मला रडूच आलं. एवढे दिवस मी त्याला खरकटं घालत होते, मेंढ्याला. पोरगा मेंढा घेऊन जिना उतरायला लागला. आम्ही वर उभे. तेवढ्यात यानुशराव टेबलाकडे धावले, बघितलं, आणि ओरडले, "थांब! चौथी पायरी!"

पोरगा खालच्या मजल्यावर थांबला. तिथूनच बोलणं झालं. चौथी पायरी खरंच ढासळली. यानुशराव खाली गेले, त्याच्या हातून दोरी काढून घेतली आणि मेंढा घेऊन परत वर आले.

मी म्हटलं, "अहो, दिलेलं परत घेतात का? केवढंसं तोंड झालं पोराचं!"

"आजी, मला पण वाईट वाटते," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम."

*

आणि मग तो फोन आला.

त्या दिवसांत यानुशरावांचं मन उडालं होतं. ते मटार सोलता सोलता मला म्हणाले होते, "आजी, हे वर्ष संपली की मी परत जाते. हान्नाला सोडत नाहीत तर मीच जाते." एकदा गेले की त्यांना परत बाहेर सोडणार नाहीत, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. टेबल पुसावं लागणार, मेंढ्याचं काय ते सांगायलाच नको. सुलभा त्या दिवशी जेवली नाही.

तर फोन वाजला आणि हसनभाईंनी खालून हाक मारली, "साहेबानूं! पोलंड!" ह्या वेळी तिकडून आला होता.

यानुशराव ऐकत राहिले. ओरडले नाहीत. हवेत बोट फिरवलं नाही. मग हळूच काहीतरी विचारलं, आणि परत ऐकत राहिले. फोन ठेवला तेव्हा ते पोत्यावर बसले ते तांदळाच्या नाही, मिरचीच्या, आणि त्यांना कळलं पण नाही.

"हान्नानं प्रश्न सोडवली," ते म्हणाले.

"कशी?"

"फोनवर सांगत नाही. म्हणते, नियमाप्रमाणे स्वतः येऊन सांगते. मेंढा तयार ठेव."

"आणि तो ऐकणारा?"

"तो म्हणाला, अभिनंदन!"

मग सुरू झाली धावपळ. हान्नाबाईंनी ह्या वेळी नवऱ्याकडे जायचंय असा अर्जच केला नव्हता. परदेशातलं बक्षीस आणायला जायचंय, असा केला होता! तिकडचा साहेब म्हणाला, त्याचं पत्र दाखवा, युनिव्हर्सिटीचा शिक्का पाहिजे. पत्र मधुकररावांनी टाईप केलं. डिपार्टमेंटचे मुख्य, इंग्लंडमध्ये शिकून आलेले गंभीर गृहस्थ, सही करायला पेन उघडून बसले आणि वाचून पेन बंद केलं.

"हे 'जिवंत' लिहायलाच हवं का?"

मधुकरराव म्हणाले, "सर, मेलेला चालणार नाही. नियम आहे."

सही झाली, शिक्का झाला. पत्र तिकडे पोचलं. हान्नाबाईंनी पुढच्या फोनवर सांगितलं ते असं: त्यांच्याकडे तेव्हा मटण मिळायचं ते रांगेत उभं राहून, कूपनावर, पावाएवढा तुकडा. त्या साहेबानं पत्र एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, खुर्चीत सरळ बसला आणि विचारलं, "अख्खा?"

"अख्खा," हान्नाबाई म्हणाल्या.

"बाई, मग तुम्ही अजून इथे काय करताय?"

आणि पासपोर्टवर शिक्का मारला!

*

विमानतळावर आम्ही सगळेच गेलो. हसनभाईंनी दुकान बंद केलं, जे त्यांनी ईदलाही केलं नव्हतं. सुलभानं मेंढ्याला शाम्पूनं आंघोळ घातली, पिंकीनं गळ्यात लाल रिबन बांधली. यानुशरावांनी कोट घातला होता, आणि त्या कोटात ते असे अवघडून उभे होते की बक्षीस कोण, मेंढा की ते, तेच कळेना. एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्या हातात दोरी.

बाहेरच पोलिसानं अडवलं. मेंढा बघितला, यानुशरावांना बघितलं, आणि हसायला लागला. तोच तो, दवारवाला!

"वेन रायेह?" त्यानं विचारलं.

यानुशराव म्हणाले, "आज ठरलं." पोलीस बाजूला झाला.

माणसं बाहेर पडायला लागली. यानुशराव प्रत्येक बाईकडे अर्धं पाऊल टाकायचे आणि परत मागे यायचे. गर्दी सरली. बॅगा गेल्या. मला वाटलं, शेवटच्या क्षणी अडवलं वाटतं बाईला. सुलभानं माझा हात घट्ट धरला.

आणि मग आली. लहानखुरी बाई, त्या उकाड्यात अंगात जाड लोकरीचा कोट, हातात एकच सूटकेस. यानुशरावांना बघून थांबली. यानुशराव पण थांबले. इतक्या वर्षांनी नवराबायको समोरासमोर, आणि दोघांना कळेना पुढे काय करायचं!

शेवटी यानुशरावांनी नियमाप्रमाणे दोरी पुढे केली. हान्नाबाईंनी सूटकेस खाली ठेवली आणि दोरी घेतली. मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग टाचा उंचावून नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

यानुशरावांचा चेहरा आधी पडला. मग लाल झाला. मग कसा झाला ते मला सांगता येणार नाही.

"काय हो? काय म्हणतात त्या?"

"आजी," ते म्हणाले, "विमानात तिला चूक सापडली. उत्तर बरोबर नाही."

हसनभाईंनी तोंडावर हात ठेवला.

यानुशरावांनी हान्नाबाईंच्या हातून दोरी काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. नियम म्हणजे नियम! मग खिशातून पेन्सिल काढली, सूटकेसपुढे मांडी घालून बसले, शेजारी बायकोला जागा केली, आणि दोघं तिथंच सूटकेसच्या झाकणावर लिहायला लागले. गुच्छ मेंढा खात होता.

मधुकररावांना राहवेना. इतकी वर्षं त्यांनी त्या पायऱ्या टाईप केलेल्या. त्यांनी वाकून इंग्रजीत विचारलं, "मॅडम, नेमकी कुठली पायरी चुकली?"

हान्नाबाईंनी मान वर केली. एका हातानं मेंढ्याच्या कानामागे खाजवत, दुसऱ्या हातानं नवऱ्याची बाही धरून त्या म्हणाल्या,

"पहिलीच."